ओझर ते मॉस्को : भारत-रशिया संबंधांबद्दल नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील ओझरच्या कारखान्यात फिटर होते आणि मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. त्यामुळे रशिया आमच्या घरात दोन्हीकडून आला. वडिलांकडून विमानाच्या नकाशांतून आणि मामांकडून द्राक्षाच्या पेट्यांतून. मॉस्को इथून सरळ रेषेत जवळपास पाच हजार किलोमीटर, तरी लग्नकार्यात, पॅकहाउसवर, आणि हल्ली मुलांना तिकडे डॉक्टरकीला पाठवू पाहणाऱ्या पालकांकडून तेच ते प्रश्न येतात. त्यांची जमतील तेवढी नीट उत्तरं इथे देतोय.

नाशिकचा आणि रशियाचा संबंध नेमका काय?

ओझरचा विमान कारखाना. हिंदुस्तान एरोनॉटिक्स हे त्याचं नाव कागदावर. जुनी माणसं आजही 'मिग' म्हणतात. "पोरगा मिगला लागला" हे वाक्य आमच्या लहानपणी एखाद्या घराचं नशीब उघडल्यासारखं बोललं जायचं. अष्टविनायकांतलं विघ्नेश्वराचं ओझर जुन्नरकडे. त्याच्याशी गल्लत नको म्हणून बाहेरगावच्या लोकांना आमचं ओझर 'मिगचं ओझर' असंच सांगावं लागतं.

मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय, ही तिन्ही मूळची रशियन विमानं इथे बनली. शेजारीच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे, तिथेही रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांची संपूर्ण उघडून दुरुस्ती होते. दुसरा धागा द्राक्षांचा. नाशिकच्या द्राक्षांसाठी युरोप ही मोठी बाजारपेठ, पण रशियाही जुना गिऱ्हाईक आहे.

कारखाना ओझरलाच का आला? यशवंतरावांनी आणला म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. मिग-२१ घ्यायचं आणि ते भारतात बनवायचं हा निर्णय १९६२चा, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असतानाचा. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ विमानं दिली होती आणि आपल्याला त्याच तोडीचं काही हवं होतं. ब्रिटन-अमेरिकेला हा सौदा पसंत नव्हता. सोव्हिएत संघाने मात्र विमानाबरोबर ते बनवण्याचा परवानाही देऊ केला. माझ्या मते पुढची साठ वर्षं या एका अटीवर उभी आहेत. विमानं विकणारे इतरही होते, पण बनवायला शिकवू म्हणणारे फार नव्हते.

मग ऑक्टोबर १९६२मध्ये चीनने हल्ला केला, मेनन यांना पद सोडावं लागलं, आणि नोव्हेंबरात हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, पण ते लोकसभेत नव्हते. १९६३मध्ये नाशिकमधून पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून गेले. नाशिककरांच्या मनात कारखाना आणि यशवंतराव ही जोडी घट्ट बसली ती यामुळे. कारखाना १९६४मध्ये उभा राहिला, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते आणि खासदारही आमचेच. करार मेनन यांच्या काळातला, पण उभारणी यशवंतरावांच्या कारकिर्दीतली.

काम तीन ठिकाणी वाटलं होतं. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. रशियन तज्ज्ञ ओझरच्या वसाहतीत कुटुंबासह राहायचे.

तिथे खरंच विमान 'बनतं' का, की नुसते सुटे भाग जोडतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि बऱ्याचदा थोडं हिणवून. म्हणून सविस्तर सांगतो.

परवान्यावर उत्पादन एका दिवसात होत नाही, त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर तिकडून जवळजवळ तयार विमान मोठमोठ्या भागांत येतं. इथे ते जोडायचं, तपासायचं, उडवायचं. दुसऱ्या पायरीवर भाग लहान होतात आणि संख्येने वाढतात. पंख, शेपूट, पुढचा-मागचा सांगाडा इथे जुळवायचा. तिसऱ्या पायरीवर बरेचसे भाग इथेच घडवायचे. शेवटच्या पायरीवर पत्रा, ठोकळा, ओतीव धातू असा कच्चा माल येतो आणि त्यातून सगळा सांगाडा इथे तयार होतो. सुखोईच्या बाबतीत अशा चार पायऱ्या ठरल्या होत्या, आणि ओझर चौथ्या पायरीपर्यंत पोचलं.

वडील सांगायचे, पहिल्यांदा नकाशे आले ते रशियन भाषेतले. त्यांचं इंग्रजी करायचं, मग ते कामगाराला समजेल असं फलकावर मांडायचं. पंखाचा सांगाडा ज्या पक्क्या चौकटीत बसवतात तिला जिग म्हणतात. जिग केसभर जरी हलला तरी पुढचं सगळं चुकतं. एका पंखात हजारो रिव्हेट, आणि प्रत्येक भोक आधी लहान पाडून मग मापात आणायचं. कारखान्यातल्या लोकांच्या हाताला हे वळण लागलं ते त्या काळात. नाशिकमध्ये आज अंबड-सातपूरला बारीक मापाचं काम करणारी जी वर्कशॉप दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणांचे पहिले धडे ओझरच्या निवृत्त माणसांकडून आलेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चौथ्या पायरीवरसुद्धा टायटॅनियमचे ठोकळे, खास मिश्रधातूंचे पत्रे, मोठे ओतीव भाग रशियातूनच यायचे, करारातच तसं होतं. आणि परवाना म्हणजे कसं बनवायचं हे कळतं, पण ते तसंच का आहे हे कळेलच असं नाही. पंखाची जाडी अमुक का, याचं गणित रचनाकाराच्या कपाटात राहतं. ते गणित आपण तेजस हे लढाऊ विमान स्वतः रचताना शिकलो, आणि त्याला आपल्याला तीस वर्षांहून जास्त लागली.

मिग-२१ला 'उडती शवपेटी' म्हणायचे. दोष रशियाचा की ओझरचा?

हा शब्द ऐकला की वडील गप्प बसायचे. ज्या घरातून मुलगा गेला त्या घराचा राग समजतो, त्याच्यापुढे काही बोलायचं नसतं. तरीही कारणं सांगायला हवीत.

मिग-२१ हे अतिवेगवान, लहान पंखांचं, एका इंजिनाचं विमान. ते उतरवताना वेग फार असतो, चुकीला वाव कमी. अशा विमानावर जाण्याआधी वैमानिकाला मधल्या पायरीचं प्रगत शिकाऊ जेट लागतं. ते आपल्याकडे कित्येक दशकं नव्हतं. ब्रिटिश बनावटीचं हॉक हवाई दलात आलं २००८मध्ये. तोवर तरुण पोरं साध्या शिकाऊ विमानावरून थेट मिगवर जात. त्यात सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांची ओढाताण. आणि बदली विमान वेळेवर न आल्याने जे १९९०च्या दशकात निवृत्त व्हायचं ते पुढे तीन दशकं ओढलं गेलं. सव्वाशे मिग-२१ 'बायसन' रूपात नवी करून दिली तीही मुख्यतः ओझरनेच.

ऐंशीच्या दशकापर्यंत हे विमान आपल्या हवाई दलाचा कणा होतं. १९७१मध्ये ढाक्याच्या राजभवनावर अचूक मारा करणारी विमानं हीच. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला, जिथे १९६३मध्ये ते पहिल्यांदा दाखल झालं होतं. त्या दिवशी ओझर वसाहतीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांनी टीव्हीसमोरून हलायला नकार दिला.

रशियाने प्रत्येक युद्धात आपली साथ दिली, हे खरं ना?

१९७१मध्ये दिली, आणि ती मोठी होती. बाकी वर्षांचं चित्र इतकं सरळ नाही.

१९६२च्या ऑक्टोबरात जग क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाच्या काठावर होतं. मॉस्कोला तेव्हा चीनला दुखवायचं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीचा सूर आपल्यासाठी थंड होता. क्यूबाचं संकट टळल्यावर तो बदलला. १९६५च्या युद्धानंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी मध्यस्थी केली, १० जानेवारी १९६६ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्री गेले. मध्यस्थ म्हटला की तो कोणा एकाचा नसतो. १९६८मध्ये तर मॉस्कोने पाकिस्तानलाही शस्त्रं द्यायचं ठरवलं, आणि दिल्लीत त्यावर बराच क्षोभ झाला.

१९७१ची गोष्ट वेगळी. ९ ऑगस्टला दिल्लीत स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको यांनी शांतता, मैत्री व सहकार्य करारावर सह्या केल्या. त्यातलं नववं कलम महत्त्वाचं: एका देशावर हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करायची. 'तुमच्यासाठी लढू' असं त्यात कुठेही नाही. पण डिसेंबरात सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरत ते अडवले, आणि ढाका पडेपर्यंत लागणारा वेळ आपल्याला मिळाला. अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली तेव्हा सोव्हिएत नौदलाची जहाजंही मागोमाग निघाली. माझ्या आधीच्या पिढीच्या मनात रशियाबद्दल जो ओलावा आहे तो या पंधरवड्यातला.

तो करार अजून लागू आहे का?

नाही. तो वीस वर्षांचा होता. जानेवारी १९९३मध्ये येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा नवा मैत्री करार झाला. त्यात जुन्या नवव्या कलमासारखं सुरक्षेचं ठाम कलम उरलं नाही. २०००पासून दोन्ही देश एकमेकांना 'सामरिक भागीदार' म्हणतात. २०१०मध्ये त्याला 'विशेष' हा शब्द जोडला. २०००पासूनच्या शिखर बैठकांतली तेविसावी डिसेंबर २०२५मध्ये नवी दिल्लीत झाली.

सोव्हिएत संघ फुटल्यावर नाशिकला काय फरक पडला?

खूप. विमानाचा एक पंप एका गावात, त्याचं सील दुसऱ्या गावात, आणि ती दोन्ही गावं एका सकाळी दोन वेगळ्या देशांत गेलेली. भाग मागवायचा कुणाकडे हेच कळेना. वडील सांगायचे, त्या काळात एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायची पाळी यायची.

पैशाचाही गोंधळ झाला. १९५३पासून आपला व्यापार रुपयात चालायचा. आपण यंत्रं आणि शस्त्रं उधारीवर घ्यायची, फेड चहा, तंबाखू, कापड, औषधं अशा मालाने करायची. रूबल कोसळल्यावर जुन्या कर्जाचं मोल कसं ठरवायचं यावर वाद झाला. तो १९९३च्या समझोत्यात मिटला.

त्याच वर्षी आणखी एक धडा मिळाला. रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं रशियाने कबूल केलं होतं, पण अमेरिकेच्या दबावाखाली मागे घेतलं आणि बदल्यात सात तयार इंजिनं दिली. आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन यशस्वी झालं ५ जानेवारी २०१४ला. मैत्री किती जुनी आहे यापेक्षा समोरचा त्या दिवशी किती मोकळा आहे, यावर अशा गोष्टी ठरतात, हे त्या वेळी कळलं.

सुखोई आणि ब्राह्मोसमध्ये नाशिकचा वाटा किती?

सुखोई-३० एमकेआयचा पहिला करार १९९६चा, तयार विमानांचा. डिसेंबर २०००मध्ये १४० विमानं ओझरला बनवण्याचा करार झाला, पुढे संख्या वाढली. इथली पहिली विमानं २००४मध्ये बाहेर पडली. सांगाडा आणि इंजिन रशियन आराखड्याचं, पण त्यात फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं एकत्र बसवलेली. नावातला शेवटचा 'आय' इंडियाचाच. डिसेंबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी १२ सुखोईंसाठी सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार केला. ती विमानं नाशिकला बनायची आहेत आणि त्यांत ६२.६ टक्के भाग देशी असतील असं सरकारने म्हटलंय.

ब्राह्मोस या क्षेपणास्त्राचं नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा, या दोन नद्यांची नावं जोडून केलेलं. करार फेब्रुवारी १९९८चा, पहिली चाचणी १२ जून २००१ची. ते बनवणाऱ्या कंपनीत भारताचा हिस्सा ५०.५ टक्के आणि रशियाचा ४९.५. विकणारा-घेणारा या नात्यातून पुढे गेलेला हा एकच मोठा प्रकल्प, म्हणून मला तो सर्वांत जास्त मोलाचा वाटतो. नाशिकचा वाटा असा: अडीच टनांचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली टांगायचं तर सांगाडा बळकट करावा लागतो. ते काम ओझरला झालं आणि २५ जून २०१६ला ब्राह्मोस बांधलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं ते ओझरच्याच धावपट्टीवरून. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरावर ते प्रत्यक्ष डागलं गेलं.

देवळालीच्या तोफाही रशियन आहेत का?

काही आहेत. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि 'तोपची' प्रात्यक्षिकात ग्रॅड, स्मर्च ही रशियन रॉकेटं सुटताना दिसतात. जुनी १३० मिलिमीटरची तोफ मूळची सोव्हिएत. तिला १५५ची नळी बसवून 'शारंग' केली. आता त्यांच्या शेजारी कोरियन आराखड्याची वज्र, अमेरिकन एम-७७७ आणि आपली धनुषही असते. वीस वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं प्रात्यक्षिक पाहिलेल्या माणसाला खरेदीचं धोरण कसं बदललं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे शस्त्रांसाठी आपण आता रशियावर अवलंबून नाही?

आहोत, पण पूर्वीइतके नाही. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या हिशेबाने २०१० ते १४ या काळात आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०१५ ते १९मध्ये तो ५५ टक्के झाला आणि २०२० ते २४मध्ये ३६. तरीही पहिला क्रमांक रशियाचाच. शिवाय आयातीचा आकडा फक्त नवीन खरेदी सांगतो. आधीपासून दारात उभी असलेली सुखोई विमानं, रणगाडे, पाणबुड्या, विक्रमादित्य नौका यांना सुटे भाग पुढची वीस-तीस वर्षं लागणार आहेत.

एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणेचा ५.४३ अब्ज डॉलरचा करार ऑक्टोबर २०१८चा. पाच संच ठरले, पुरवठा डिसेंबर २०२१मध्ये सुरू झाला आणि युक्रेन युद्धामुळे शेवटचे संच रखडले. जे आले ते मे २०२५च्या संघर्षात कामी आले.

दोन देशांचा व्यापार इतका एकतर्फी का आहे?

तेल. २०२२च्या आधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. युरोपने रशियन तेल नाकारलं, रशियाने सवलत दिली, आणि हा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. २०२४-२५मध्ये एकूण व्यापार सुमारे ६८.७ अब्ज डॉलर झाला. त्यात आपण विकलं जेमतेम ४.९ अब्जांचं आणि घेतलं जवळजवळ ६४ अब्जांचं. तेलाबरोबर खतं आणि सूर्यफूल तेलही तिकडून येतं. तुमच्या बागेतल्या खताच्या गोणीवर मूळ देश वाचून पाहा, कितीदा तरी रशिया दिसेल.

२०३०पर्यंत व्यापार १०० अब्ज डॉलरवर न्यायचं दोन्ही सरकारांनी ठरवलंय. मला काळजी या आकड्याच्या पोटात काय असेल याची वाटते. तेल वाढवून १०० गाठणं सोपं आहे. रशियाच्या दुकानात आपली औषधं, यंत्रं, कपडे, द्राक्षं दिसणं हे अवघड आणि तेच करण्यासारखं काम आहे.

मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

किमतीत कर मोठा असतो, आणि सवलतीचा बराचसा फायदा तेल शुद्ध करणाऱ्या कंपन्यांकडे राहिला. फायदा झाला तो असा की जगात भाव भडकले असताना इथे तितके भडकले नाहीत.

नाशिकची द्राक्षं रशियाला कशी जातात?

गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, माल जानेवारी ते एप्रिल. तोडणी पहाटे, घड पॅकहाउसला, तिथे मणी साफ करून पेटीत, वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, मग प्रीकूलिंग आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला रिफर कंटेनर. न्हावाशेवाहून लाल समुद्र, सुएझ, आणि पुढे काळ्या समुद्रातलं नोव्होरोसिस्क किंवा युरोपला वळसा घालून सेंट पीटर्सबर्ग. युरोपसाठी 'ग्रेपनेट' या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंद आणि औषधांच्या अंशाची तपासणी सक्तीची असते. रशिया कीड-रोगमुक्त मालाचं सरकारी प्रमाणपत्र मागतो आणि त्यांची कृषी-निरीक्षण यंत्रणा बंदरावर कडक तपासते. 'युरोपात नाही चाललं तर रशियाला पाठवू' असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या भरवशावर फवारणी करू नका.

मार्च २०२२ आमच्या घरात कुणी विसरणार नाही. हंगाम ऐन भरात आणि १ मार्चपासून जगातल्या मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाचं बुकिंग बंद केलं. मामांचा माल एका व्यापाऱ्यामार्फत निघालेला होता. कंटेनर मध्येच एका बंदरात अडकला, पोचेपर्यंत देठ तपकिरी झाले होते, आणि व्यापाऱ्याने ठरलेल्या दराच्या निम्म्याहून कमी हातावर टेकवले. लेखी करार नव्हता, विमा नव्हता. त्या वर्षीची औषधं-मजुरीची उधारी फिटायला दोन हंगाम गेले. मामींनी तेव्हा एवढंच विचारलं, "लढाई त्यांची, माल आपला का सडायचा?"

त्यातून सावरतोय तोवर नोव्हेंबर २०२३पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. द्राक्षासारख्या मालाला दोन आठवडे जास्त म्हणजे फार. म्हणून इराणमार्गे जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाची बातमी आली की मी ती शेवटपर्यंत वाचतो. करार २०००चा, लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. जहाज, रेल्वे आणि पुन्हा कॅस्पियन समुद्र अशी चढउतार. थंड साखळी तुटली नाही तरच आपल्या कामाचा. चेन्नई-व्लादिवोस्तोक सागरी मार्ग रशियाच्या पूर्व टोकाला जातो. तिथल्या गिऱ्हाइकासाठी तो ठीक आहे, मॉस्कोसाठी नाही.

पैसे रुपयात मिळतात का? अडकतात का?

मिळू शकतात. ११ जुलै २०२२ला रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यवहार रुपयात करायची सोय दिली. रशियन बँक इथल्या बँकेत खास रुपया व्होस्ट्रो खातं उघडते आणि निर्यातदाराला त्यातून पैसे येतात. अडचण वर सांगितलेल्या आकड्यांतच आहे. आपण घेतो फार आणि विकतो थोडं, त्यामुळे रशियाकडे रुपये साचतात आणि त्यांचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने उलट आहे: साचलेल्या रुपयांतून त्यांनी आपला माल घ्यावा. गिऱ्हाइकाच्या बँकेवर निर्बंध आहेत का, हे आपल्या बँकेत आधी विचारा. निर्यात पत विमा घ्या. आगाऊ रकमेशिवाय कंटेनर हलवू नका.

रशियाच्या नेतृत्वाखालचा युरेशियन आर्थिक संघ आणि भारत यांच्यातल्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींची चौकट ऑगस्ट २०२५मध्ये ठरली. द्राक्षावरचं आयातशुल्क कमी झालं तर फरक पडेल.

युक्रेन युद्धात भारत नेमका कुणाच्या बाजूने?

संयुक्त राष्ट्रांत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावांवर भारत बहुतेक वेळा तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२२मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना समोरासमोर सांगितलं की हा काळ युद्धाचा नाही. जुलै २०२४मध्ये ते मॉस्कोला गेले आणि ऑगस्टमध्ये कीव्हलाही. मला या धोरणामागची गरज समजते; ज्याच्या सुट्या भागांवर आपली विमानं उडतात त्याच्याशी तोडून चालत नाही. पण युक्रेनमध्ये मरणारी माणसं आपल्या हिशेबाच्या वहीत मावत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे मनात ठेवायला हवं. आणि युक्रेनही एके काळी त्याच सोव्हिएत संघाचा भाग होता. आपल्या जुन्या सामग्रीतलं बरंचसं तिथल्या कारखान्यांतलं आहे.

अमेरिका नाराज झाली तर ओझरला त्रास होईल का?

ऑगस्ट २०२५मध्ये रशियन तेलाचं कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. ऑक्टोबरात रोसनेफ्ट आणि लुकॉइल या दोन मोठ्या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध आले. ओझरचा संबंध असा की तिथे आता तेजस मार्क-१ए बनतं आणि त्याचं इंजिन अमेरिकन आहे. ते वेळेवर न आल्याने आधीच उशीर झालेला. सुखोईसाठी मॉस्को, तेजससाठी अमेरिका. दोन्ही दारं उघडी ठेवावी लागतात ती एवढ्यासाठी.

मुलीला एमबीबीएससाठी रशियाला पाठवू का?

पाठवणारे पुष्कळ आहेत. आधी या गोष्टी पाहा. 'नीट' या प्रवेश परीक्षेची पात्रता हवीच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. परत आल्यावर परदेशात शिकलेल्यांसाठीची एफएमजीई परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यात नापास होणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. वॉर्डातले रुग्ण रशियनच बोलणार, म्हणून पहिल्या वर्षापासून भाषा मनापासून शिकायला सांगा. फी बँकेमार्फत कशी भरायची हे एजंटाच्या तोंडावर सोडू नका.

रशियात चांगल्या पगाराची नोकरी मिळते म्हणतात. जाऊ का?

सावध राहा. मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशा कामाच्या नावाखाली नेलेल्या काही भारतीय तरुणांना रशियन सैन्यात भरती करून आघाडीवर पाठवलं गेलं आणि त्यांतले काही मारले गेले. भारत सरकारने हा विषय थेट पुतिन यांच्याकडे काढला आणि परराष्ट्र मंत्रालयाने अशा भरतीपासून लांब राहण्याचं आवाहन पुन्हा पुन्हा केलंय. खरी कामंही आहेत, बांधकाम आणि कारखान्यांत माणसं हवी आहेत. पण एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते तपासा. रशियन भाषेतल्या कोणत्याही कागदावर भाषांतर हातात येईपर्यंत सही करू नका. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका.

मराठी मुलखाचा रशियाशी संबंध मिगपासूनच सुरू झाला का?

फार आधीपासून. त्वेर शहरातला व्यापारी अफानासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. एक घोडा विकायला घेऊन आला होता. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि पुढे बीदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अण्णा भाऊ साठे १९६१मध्ये रशियाला गेले. त्यांचा पुतळा सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात बसवला गेला. आणि मुंबईची आयआयटी १९५८मध्ये सोव्हिएत मदतीतून उभी राहिली, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

मिग गेलं. आता ओझरला काय चाललंय?

१७ ऑक्टोबर २०२५ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तेजस मार्क-१एची उत्पादन साखळी सुरू झाली आणि इथे बनलेलं पहिलं तेजस त्याच दिवशी उडालं. वर्षाला आठ विमानं अशी तिची क्षमता आहे. एचटीटी-४० या शिकाऊ विमानाची साखळीही सुरू झाली. बारा सुखोई बनायची आहेत, जुन्यांची दुरुस्ती चालू आहे.

त्या दिवशी वडिलांना वसाहतीजवळच्या रस्त्यावर घेऊन गेलो होतो. गर्दी होती. तेजस डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग त्यांच्याबरोबर मिगवर काम केलेल्या, शेजारी उभ्या असलेल्या काकांना म्हणाले, "आवाज वेगळा आहे रे." काकांनी मान हलवली आणि दोघं बराच वेळ कुठल्या जिगवर कोण होतं ते आठवत उभे राहिले.